बोळाच्या तोंडचा वड

रविवार, ता. २१ मे १९३३

आज ह्यांनी बोळाच्या तोंडाशी एक लाकूड पुरलं. पुरुषभर उंच, मनगटाहून जाड. पान नाही, डहाळी नाही. वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापलेला. म्हटलं, हे काय? म्हणाले, "झाड."

भर उन्हात टोपी विसरून उभे होते, आणि चेहरा असा खुललेला की लग्नातसुद्धा तसा नव्हता!

म्युनिसिपालटीनं सात रस्त्यापासून होटगीच्या वाटेला झाडं लावायचं काम ह्यांच्याकडे दिलंय. पुढे रस्ताभर अशीच लाकडं पुरलीत. पण अट घातलीय मेंबर लोकांनी. पावसाळ्यात ह्या लाकडांना पालवी फुटली तर थेट होटगीपर्यंतचा रस्ता आबासाहेबांकडे, म्हणजे ह्यांच्याकडे. नाही फुटली तर रामराम!

जंगल खात्यातून पेन्शनीत निघून दोन वर्षं झाली. कारवारच्या सागवानात आणि बार्शीकडच्या बाभूळबनात जन्म गेला यांचा. खात्यातले लोक चेष्टा करायचे म्हणे, सोलापूर जिल्ह्यात फॉरेस्टर म्हणजे मारवाडात नावाडी! रान सुटलं आणि माणूस सुकत चालला. अंगरखा खांद्यावरून ओघळायला लागला. वेळ जात नाही म्हणून मला चूल कशी पेटवावी ते शिकवायला लागले. हिवराचं लाकूड आधी, बाभळीचं मागून, अगं असं नव्हे! मी बारा वर्षांची असल्यापासून ती चूल पेटवतेय.

फुटू दे रे देवा पालवी. ह्यांच्यासाठी फुटू दे, आणि माझ्या चुलीसाठी फुटू दे.

जेवताना विचारलं, लाकूड कसलं? "वडाचं. दुसरं कसलं?" म्हणाले आणि भात मागितला.

मंगळवार, ता. २३ मे

सकाळीच आरडाओरडा! बोळातल्या येडू विणकरानं सुताला खळ लावून मागाच्या उभ्या धाग्यांचा ताणा रस्त्यावर पसरला होता आणि त्याचं एक टोक बांधलं होतं आमच्या झाडाला. हे धावत गेले. येडू बिचारा सूत गोळा करत गोंधळून उभा.

मागाहून त्याची बायको अक्कम्मा माझ्याकडे आली. "अम्मा, झाड मंजे पान पायजे की! हे तर खुंटा हाय. इतका चांगला खुंटा ह्या बोळात कदी नव्हता."

तिचं तरी काय चुकलं? मला स्वतःला ते झाड वाटत नाही. हे वाचलं तर हे काय म्हणतील!

शुक्रवार, ता. २६ मे

आज तर कमाल झाली. इसूफ पखालवाला झाडांना पाणी घालतो, म्युनिसिपालटीनंच लावलाय त्याला. बैलावर पखाल घालून येतो, चांगला मनापासून पाणी घालतो. आज पाणी घातलं आणि त्याच झाडाला बैल बांधून समोर विडी ओढत बसला! बैलानं मान घासली. लाकूड कललं.

"बाई, मला वाटलं बैल बांदायलाच दिलाय सरकारनं. मैं तो दुआ दिया!"

हे ओरडलेसुद्धा नाहीत. लाकूड सरळ केलं, माती पायानं दाबली आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. "मुळं धरायच्या दिवसांत हलवलं की संपलं," एवढंच बोलले. जेवले नाहीत. पुढे रस्ताभर हीच तऱ्हा म्हणे. कुणी शेळी बांधलीय, कुणी ओलं घोंगडं वाळत घातलंय. कुणाकुणाच्या मागे हा माणूस धावणार?

फार वाईट वाटलं. चूल कशी पेटवायची तेसुद्धा आज सांगितलं नाही.

सोमवार, ता. ५ जून

युक्ती सुचली! भाकरी थापता थापता सुचली.

गुरुवारी वटपौर्णिमा. आमच्या भागात वड नाही. दरवर्षी आम्ही बायका एक तर तळ्याकाठच्या वडाला जातो, नाही तर बाजारातून फांदी आणून पाटावर पुजतो. तो तळ्याकाठचा वड ज्येष्ठात पार भादरल्यासारखा होतो. मग ह्या वेळी दारातलाच वड का नको? एकदा हळदकुंकू लागलं, सूत गुंडाळलं, की बैल बांधायची छाती आहे कुणाची?

नळावर रंभाबाईला सांगितलं. ती शेजारचीच. तिला सांगितलं की दवंडी पिटायला नको.

"ह्यो वड?" रंभाबाई म्हणाली. "ह्येच्यापरीस माजं मुसळ बरं की!"

म्हटलं, "तीस वर्षं जंगलात काढलेला माणूस वड म्हणतो तर वडच असणार ना?"

"व्हय बाई, आबासाहेब म्हनत्यात तर आसंल." घागर डोक्यावर चढवली आणि निघाली ती थेट चार बोळ फिरूनच घरी गेली असणार.

ह्यांना काही बोलले नाही. बायकांच्या पूजेत ह्यांचं काय काम!

गुरुवार, ता. ८ जून. वटपौर्णिमा

काय सांगू! नुसता आमचा बोळ नाही, रस्ताभर ज्या त्या बोळाच्या बायका ज्या त्या लाकडापाशी. पान नाही, सावली नाही, उन्हानं टाळू तापलेली, आणि आम्ही आपल्या नथी घालून लाकडाभोवती फेऱ्या मारतोय. आंब्यांचा नैवेद्य, सुताची गुंडाळी, वरच्या शेणाच्या गोळ्यालासुद्धा कुणी तरी कुंकू लावलं. रंभाबाई हसू दाबताना इतकी हलत होती की हातातलं तबक सांडायचं राहिलं.

येडू ताण्याचं सूत घेऊन आला, लाकडाचं सूत बघितलं, हात जोडले आणि आल्या पावली परत गेला. इसूफनं बैल लांबून वळवला. "आता देव झाला तो, बाई. बैल को भी समज गया!"

हे ओट्यावर उभे राहून सगळं बघत होते. मिशीत हसत होते. मी असा ताठ मानेनं फेरा घातला! म्हटलं बघा, तुमच्या जंगल खात्याला जे जमलं नाही ते बायकोनं केलं.

शनिवार, ता. १७ जून

पालवी नाही. आज ह्यांनी मला भाकरी कशी थापावी ते सांगितलं.

मंगळवार, ता. ४ जुलै

फुटली! फुटली! फुटली!

पहाटे अनवाणी गेले होते बघायला. बोळाच्या तोंडातून माझ्या नावानं हाक मारली, सगळ्या आळीनं ऐकली! लग्नाच्या उखाण्यानंतर आज नाव घेतलं. धावत गेले. शेणाच्या गोळ्याखाली तांबूस, ओले, बोटाच्या पेराएवढे कोंब. मी पदरानं डोळे पुसले, उगीच कशाला लपवू.

दुपारी मेंबर येऊन बघून गेले. होटगीपर्यंतचा रस्ता ह्यांचा! काम पुढच्या उन्हाळ्यात सुरू. येताजाता सगळ्यांना गूळ दिला. इसूफच्या बैलालासुद्धा.

रविवार, ता. १६ जुलै

आज जीव थाऱ्यावर नाही.

सकाळी रंभाबाई एक पान घेऊन आली. "मथुराबाई, वडाचं पान आसं आसतंय व्हय?" बघते तर बारीकसं, गुळगुळीत, चकचकीत, टोकाला निमुळतं. वडाचं पान तळहातापेक्षा मोठं, त्याची पत्रावळ होते. हे कसलं? "नांद्रुक हाय ह्यो! वडाच्या भावकीतला, पन वड न्हवं!" ती म्हणाली. "माज्या म्हायेरी हिरीवर हाय. आमी नांद्रुकाला पुजलं की गं बाई!"

तिला कशीबशी घालवली आणि पान ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "हं," म्हणाले. "फसगत झाली खरी." आणि उठून परसात गेले.

फसगत! ह्यांची! संसाराला तीस वर्षं झाली, चुकलो हा शब्द ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अमावास्येच्या अंधारात झाडाची साल चाचपून जात सांगणारा माणूस! मग माझ्या डोक्यात एकेक जुळायला लागलं. गेल्या आठवड्यात चहात मीठ घातलं. परवा अक्कम्माला रंभाबाई म्हणून हाक मारली. पेपर हात लांब करून धरतात.

डोळे गेले यांचे. आणि बोलत नाहीत.

मेंबर लोकांना कळलं तर? ज्याला वड आणि नांद्रुक ओळखू येत नाही त्याच्या हाती कोण रस्ता देईल? हे काम गेलं तर हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील. मला भीती वाटते.

सोमवार, ता. १७ जुलै

नळावर जाऊन सगळ्यांदेखत सांगितलं, चूक माझी. त्यांनी नांद्रुकच सांगितला होता, मीच शहाणी वड वड करत सुटले.

मग काय, बोलणी! एक म्हणाली, आता सात जन्मांचं कसं व्हायचं? दुसरी म्हणाली, पुजलेलं फुकट गेलं. रंभाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या जल्मी बदलून मिळाला तर माजी काय बी तकरार न्हाय!" सगळ्या हसल्या. मला नाव पडलं, नांद्रुकसावित्री. अक्कम्माला ते बोलता येत नाही, ती नुसती "नांद्रुकाम्मा" म्हणते.

हसोत. ह्यांचं नाव राहिलं.

बुधवार, ता. २ ऑगस्ट

आजपासून पेपर मी वाचून दाखवते. म्हटलं, माझी मराठी चौथी गंजत चाललीय, सराव राहील. त्यांना डोळ्यांचं म्हटलं असतं तर लागलं असतं. जोडाक्षराला अडखळते. हे डोळे मिटून "हं, पुढं" म्हणतात. आज कौन्सिलातल्या भाषणाचा एक रकाना वाचला. एक अक्षर कळलं नाही, पण आवाज चांगला लागला होता.

मंगळवार, ता. १५ ऑगस्ट

संध्याकाळी झाडं बघायला जातात, एकटे कसे सोडू? मी बरोबर जाते. हात धरून! रस्त्यावर नवऱ्याचा हात धरून चालणारी बाई आख्ख्या सोलापुरात मी एकटीच असेन. लोक वळून बघतात. बघोत! खड्डा आला की मी हात दाबते.

आज सात रस्त्यावर रंभाबाईच्या घरचे समोरून आले आणि ह्यांचा हात बघून स्वतःच लाजून पलीकडे गेले.

रविवार, ता. ५ नोव्हेंबर

फिरताना हे बोलतात. इतकं बोलतात की माझा विश्वास बसत नाही. तीस वर्षं फिरतीवर, घरी आले की कपडे, जेवण, झोप. मला वाटायचं ह्या माणसाकडे शब्दच नाहीत.

आज करमाळ्याकडच्या कुरणांचं सांगितलं. गवतात माळढोक पक्षी कसा मानेनं चालतो ते रस्त्यात चालून दाखवलं! बाभळीच्या रानात शेळ्या घुसल्या की धनगरांशी भांडायचं आणि मग त्यांच्याच हातचं दूध प्यायचं, ते सांगितलं. तोडायच्या झाडावर खात्याचा हातोडा मारतात, शिक्का उमटतो. कारवारकडे एकदा ताप भरला म्हणून हे एका जुनाट सागाखाली दोन दिवस पडून होते. पुढे त्या झाडावर हातोडा मारायची पाळी आली, आणि ह्यांनी मारला नाही. म्हटलं, का? म्हणाले, "तिथं पडलो होतो तेव्हा घरची फार आठवण आली होती."

घरची म्हणजे मी. कळायला किती वर्षं लागली!

गुरुवार, ता. १८ जानेवारी १९३४

संक्रांतीच्या जत्रेचा गड्डा सुरू आहे, तळ्याकडून लोकांचे लोंढे. आम्ही परवा जाऊन आलो. हे लांबूनच म्हणाले, बघ मिरवणुकीतल्या काठ्यांचं बाशिंग तिरकं बसलंय. अंदाजानं म्हणाले असतील.

आज बिहारच्या भूकंपाची बातमी वाचली. गावंच्या गावं गाडली गेली. वाचता वाचता पेपर खाली ठेवला. हे उठले, आतल्या अंधाऱ्या खोलीतून माठातलं पाणी आणून दिलं. कुठं अडखळले नाहीत. सवयीचं घर आहे.

मिरजेला डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे म्हणतात. विषय काढला. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" म्हणाले. हट्टी!

रविवार, ता. १५ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. पण बोळाच्या तोंडाशी सावली पडलीय! एवढीशी आहे. एक अक्कम्मा मावते. ती आपला सूत भरायचा रहाट घेऊन तिथं बसते आणि दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. "माझा खुंटा," म्हणते. पुढं रस्त्यावर काही झाडं मेली, दोन शेळ्यांनी खाल्ली, पण बाकीची डोकं वर काढून आहेत. होटगीच्या वाटेला खड्डे घ्यायला सुरुवात झाली. ह्यांचा अंगरखा पुन्हा अंगात भरायला लागलाय.

माझी काळजी तेवढी जात नाही. खड्ड्यांच्या कामावर कुणाच्या लक्षात आलं तर?

रविवार, ता. २४ जून

मोडनिंबहून आप्पा आले. ह्यांच्या हाताखाली जंगल गार्ड होते, जन्मभराची सोबत. हे बाहेर पाय धुवायला गेले तेवढ्यात मी आप्पांना सगळं सांगून टाकलं. डोळे, वड, नांद्रुक, सगळं. म्हटलं, तुमचं ऐकतील, मिरजेला न्या.

मग दोघे ओट्यावर बसले. मी चहा ठेवला. स्वैपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं.

आप्पा म्हणाले, "सायेब, वैनी म्हनत्यात डोळं गेलं तुमचं. वडाच्या जागी नांद्रुक लावला म्हनं."

हे असे हसले की खोकला आला. "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! तुमी झोपंत बी नांद्रुकाला वड म्हनायचं न्हाई."

"अरे, वड लावला असता तर दर ज्येष्ठात बायकांनी ओरबाडून त्याचं खोड शिल्लक ठेवलं असतं. तळ्याकाठचा बघून ये. नांद्रुकाची फांदी कोण नेतंय? म्हणून रस्ताभर नांद्रुक. म्युनिसिपालटीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण घरात नांद्रुक म्हणालो असतो तर त्या लाकडाला कुणी हात जोडले असते? बैल बांधले असते जन्मभर. म्हणून वड म्हणालो. म्हटलं, वटपौर्णिमा तोंडावर आहे, ही नळावर गेली की झालं काम."

मी सांडशी हातात घेऊन उभी. माझी युक्ती! भाकरी थापता थापता सुचलेली माझी युक्ती!

आप्पा म्हणाले, "मग आता तरी सांगा की वैनीला. किती काळजी करत्यात."

मग हे हळू आवाजात म्हणाले, "सांगणारच होतो रे. पान घेऊन आली तेव्हा वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी कळलं, हिनं बायकांत चूक स्वतःच्या अंगावर घेतली. कसं तोंड उघडू? आणि मग पेपर वाचायला लागली. हात धरून फिरायला लागली. आप्पा, तीस वर्षं मी रानात आणि ती इथं चुलीपाशी. आत्ता कुठं आम्ही बोलायला लागलोय. डोळे धड आहेत असं सांगितलं की हे सगळं बंद. मला नाही सांगवत."

चहा उतू गेला.

सोमवार, ता. २५ जून

आमटीत मीठ जास्त घातलं, मुद्दाम. गुमान जेवले.

संध्याकाळी सुई-दोरा पुढे केला, म्हटलं ओवून द्या. एका फटक्यात ओवला! मग माझ्याकडे बघितलं. मग दोरा हळूच परत बाहेर ओढला आणि म्हणाले, "नाही गं जमत."

आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. मग रडले. मग पुन्हा हसले.

बुधवार, ता. २७ जून. वटपौर्णिमा

सगळ्याजणी नांद्रुकालाच गेलो. रंभाबाई म्हणाली, "गेल्या साली ह्येलाच पुजलं, नवरा जितल्या तितं हाय की! आता कशाला बदलायचं?"

घरी आले तर हे पेपर घेऊन ओट्यावर वाट बघत होते. "अक्षरं फार बारीक छापतात हल्ली," म्हणाले.

"हो ना," म्हटलं. हात पदराला पुसले, शेजारी बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.